केडिन वाचलेला कुणी नाशिककर आहे का? (अनुभव धागा)

वडील मिगमध्ये होते. (बाहेरगावच्यांसाठी: ओझरला विमानांचा कारखाना आहे, त्याला अख्खा नाशिक जिल्हा ‘मिग’ म्हणतो. नंतर तिथे सुखोई बनू लागलं, तरी तोंडात मिगच.) २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा टीव्ही बघता बघता आईने मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत एक मायक्रोमीटर, जुनी ओळखपत्रं आणि सुतळीने बांधलेली चार इंग्रजी पुस्तकं. चारही एकाच माणसाची: मार्टिन केडिन.

मी नाव ऐकलं नव्हतं. शोधल्यावर कळलं, न्यूयॉर्कचा, जन्म १९२७, गेला १९९७ला. पन्नासच्या वर पुस्तकं. बरीच दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर, काही अंतराळ आणि यंत्रमानवांच्या कादंबऱ्या. शिवाय स्वतः वैमानिक, जर्मन बनावटीचं तीन इंजिनांचं जुनं युंकर्स विमान बाळगून होता. आपल्याकडे हा माणूस कुणी वाचला, कुठे मिळाला, काय वाटलं, ते लिहा. मोठं लिहिलं तरी चालेल.

निवृत्त फिटर, ओझर

ताई, तुमचे वडील कुठल्या शॉपला होते? मी असेंब्लीला. आयटीआय करून लागलो, इंग्रजीची बोंब. एका जोडीदाराने साकाई या जपानी वैमानिकाची कहाणी दिली. १९५७चं पुस्तक, केडिनने साकाई आणि आणखी एका जपान्याबरोबर लिहिलेलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन महिने वाचलं. गंमत म्हणजे ‘स्पार’, ‘काउलिंग’, ‘लाँगेरॉन’ या विमानाच्या भागांच्या नावांना कधी अडलो नाही. अडायचो ते ‘मेलन्कली’सारख्या शब्दांना.

मला त्यात विमान दिसलं. साकाईचं झीरो हे लढाऊ विमान रिकामं असताना साधारण १,६८० किलोचं. आमचं मिग-२१ पाच टनांच्या वर. एवढं हलकं कसं? पंख आणि मधलं धड एकसंध केलं, म्हणजे जोडाचे बोल्ट वाचले. पायलटच्या पाठीशी चिलखती पत्रा नाही. टाकीला गोळी लागली की आपोआप भोक बुजवणारं रबरी अस्तर असतं, ते पण नाही. त्यामुळे लांब जायचं, पण एक ठिणगी पडली की खेळ खलास. वजन वाचवलं की ते कुठून तरी वसूल होतं, हे आम्हाला ट्रेनिंगला सांगायचे. पटलं हे पुस्तक वाचून.

आणि तो प्रसंग. ७ ऑगस्ट १९४२, पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटावर साकाईच्या डोक्याला गोळी लागली. उजवा डोळा गेला, डावं अंग लुळं. तसाच तो हजारावर किलोमीटर समुद्र ओलांडून रबाऊलच्या आपल्या तळावर आला, पावणेपाच तासांनी. दुसऱ्या दिवशी मी पाळीवर डावा हात खिशात घालून एक रिव्हेट मारून बघितला. जमत नाही. पलीकडून बकिंग बार (रिव्हेटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) कोण धरणार? सुपरवायझर बघत उभे होते. काय चाललंय म्हणाले, मी म्हटलं काही नाही, हात आखडलाय.

इतिहासाचा मास्तर, नाशिकरोड

रसभंग करतोय, माफ करा. त्या पुस्तकात साकाईने चौसष्ट विमानं पाडल्याचा आकडा आहे. पुढे लोकांनी जपानी नोंदी चाळल्या, तेव्हा तो निम्म्याच्याही खाली आला. रशियातल्या कुर्स्कच्या रणगाड्यांच्या लढाईवरचं त्याचं पुस्तक १९७४चं. तेव्हा सोव्हिएत दप्तरं बंद होती, मॉस्को सांगेल तो आकडा सगळेच उचलत होते, यानेही उचलला. दप्तरं उघडल्यावर तोही बराच उतरला.

मी वर्गात बखरींबद्दल बोलताना याचं उदाहरण देतो. पानिपतावर ‘लाख बांगडी फुटली’ म्हणतो तेव्हा बांगड्या मोजत कुणी बसत नाही, घराघरांतलं दुःख कळतं. केडिन तसा बखरकार. पण बखर आपण बखर म्हणून वाचतो, आणि हा माणूस दुकानात इतिहासाच्या कपाटात बसतो. माझी तक्रार तेवढीच. बाकी शालिमारजवळच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून त्याची सहा पुस्तकं मीच घेतली आहेत, तीही घासाघीस न करता.

निवृत्त फिटर, ओझर

सर, आकडा चुकला असेल. टाकी बरोबर सांगितलीय.

कॉलेज रोड, गृहिणी

मी फक्त त्याची १९७२ची कादंबरी वाचली आहे, जिच्यावरून पुढे ती साठ लाख डॉलरच्या माणसाची अमेरिकन मालिका झाली. मामाकडे व्हिडिओवर मालिकेच्या दोन-तीन कॅसेट होत्या, पुस्तक नंतर हाती आलं. वैमानिकाचा अपघात होतो, दोन्ही पाय, एक हात आणि एक डोळा जातो, डॉक्टर यंत्राचे बसवतात. मालिकेत तो डोळा मैलभर लांबचं बघतो. पुस्तकात नाही! पुस्तकात त्या डोळ्याने त्याला काहीच दिसत नाही, आत नुसता कॅमेरा लपवलेला आहे.

माझ्या मामाचा एक डोळा काचेचा होता. रात्री वाटीतल्या पाण्यात काढून ठेवायचा, आम्ही भाचरं दारातून बघायचो. मी त्याला पुस्तकातलं सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे माझ्यासारखाच की. माझ्यात फक्त फिल्लम भरायची राहिली.” मालिका त्याला कधी आवडली नव्हती. पुस्तक इंग्रजी असून पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

मालिकेच्या सुरुवातीला जे विमान कोलांट्या खातं ते खरं चित्रण आहे, १० मे १९६७चं, नासाच्या बिनपंखी विमानाच्या चाचणीचं. त्यातला खरा वैमानिक ब्रूस पीटरसन वाचला, पण पुढे त्याचाही एक डोळा गेला. हे कळेपर्यंत मामा नव्हता.

पंचवटीचा पासधारक

मी अवकाशवाला. त्याची १९६४ची कादंबरी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये वाचली, आठवडाभरात. एकटा अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरतोय, परत यायला वेग कमी करणारी रॉकेटं पेटवायची, ती पेटतच नाहीत. प्राणवायू मोजका. त्यावर १९६९ला सिनेमा आला, त्यात एकाचे तिघे झाले, आणि १९७०च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३चे तिघे खरंच अडकले. पुढे जुलै १९७५ला अमेरिकन आणि रशियन यानं आकाशात जोडली गेली. सोव्हिएत शास्त्रज्ञांशी या जोडणीची बोलणी चालली होती तेव्हा अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांनी या सिनेमाची गोष्ट त्यांना सांगितली होती. तिथे रशियन अंतराळवीर मदतीला येतो ना!

गाडी कसारा घाट उतरत होती. मी पान उलटत ‘अरे देवा’ म्हणालो. शेजारच्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, ब्रेक लागत नाहीयेत. तो जागेवरून उठलाच.

देवळाली कॅम्प

तोफखान्याच्या रेंजचा आवाज ऐकत वाढलो. काचा थरथरायच्या, आजी म्हणायची पोरं खेळतायत. केडिनचं टोकियोवरच्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यातल्या आगीचं पुस्तक (९-१० मार्च १९४५ची रात्र, लाखाच्या आसपास माणसं) कॉलेजात असताना वाचलं. त्यात विमानं कमी आणि खाली पळणारी माणसं जास्त. लोक कालव्यात उड्या मारतात ते पान मी परत उघडलेलं नाही. आवाज मात्र तेव्हापासून वेगळा ऐकू येतो.

पंचवटीचा पासधारक

राहिलंच. त्या युंकर्सच्या एका पंखावर १९८१ला एकोणीस माणसं उभी करून तो उडाला होता. १९८४ला त्याने ते लुफ्तान्साला विकलं.

निवृत्त फिटर, ओझर

एकोणीस गुणिले सत्तर. तेराशे किलो, तेही एका बाजूला! पत्रा नालीदार होता म्हणून निभावलं म्हणा. आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी सही केली नसती.

धागाकर्ती

काका, वडील टूल रूमला होते. काल साकाईचं पुस्तक नीट उघडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने यादी आहे: आडनावाचं पहिलं अक्षर, नेल्याची तारीख, परतीची बरोबरची खूण. अकरा नावं. एकापुढे खूण नाही, पण पुस्तक तर पेटीतच आहे, म्हणजे खूण करायचीच राहिली असणार. ज्याला वाचायचं असेल त्याने ओझरला यावं. बारावं नाव त्याच पानावर लिहून घेईन.

निवृत्त फिटर, ओझर

रविवारी येतो. चष्मा आणि डिक्शनरी आणतोय.