सावली येत नव्हती की नको होती?

गेरू
अमेरिकेत १८००च्या आगेमागे गावोगाव फिरून माणसांची चित्रं काढणारे, स्वतःच शिकलेले चित्रकार होते. त्यांचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘बिचाऱ्यांना छायाप्रकाश जमत नव्हता.’ मला हे अजिबात पटत नाही. अमी फिलिप्सचं लाल झग्यातल्या मुलीचं चित्र बघा (१८३०-३५च्या सुमाराचं, न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये आहे). गळ्यात पोवळ्याच्या माळा, हातात पांढरं मांजर, पायाशी कुत्रा, मागे नुसता गडद रंग. आणि झगा सलग लाल. त्यात चुण्या नि सावल्या भरल्या असत्या तर तो लाल इतका अंगावर आला असता का?

पाटीपेन्सिल
असहमत. हा पोटापाण्याचा धंदा होता. विल्यम मॅथ्यू प्रायरने १८३१ साली मेन राज्यात जाहिरातच दिली होती: सावलीविना सपाट चित्र हवं असेल तर पाव किमतीत काढून मिळेल. फिलिप्सचा तो लाल झगाही इतर मुलांच्या चित्रांत पुन्हा दिसतो. साचा ठरला की हात भराभर चालतो, एवढंच.

गेरू
अहो, प्रायर तर माझा साक्षीदार आहे! सपाट चित्राला पाव किंमत, म्हणजे पूर्ण किमतीत तो सावलीचं चित्रही देत होता. मग ‘जमत नव्हतं’ कुठे राहिलं?

पाटीपेन्सिल
प्रायरपुरतं मान्य. पण सावली सोडली ती गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून. त्याला कलादृष्टी म्हणणं मला जड जातं.

सांजवेळ
तुम्ही दोघं पैशापाशीच अडलात. जॉन ब्रूस्टर (धाकटा, १७६६-१८५४) जन्मापासून बहिरा. वयाच्या ५१व्या वर्षी, १८१७ साली, हार्टफर्डला नव्याने निघालेल्या मूकबधिरांच्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसला. त्याआधी कितीतरी वर्षं तो घरोघर जाऊन चित्रं काढत होता. समोरच्याचा चेहरा वाचणं हेच त्याचं बोलणं असणार. १८०५चं फ्रान्सिस वॉट्स या लहानग्याचं चित्र पाहा, हातात दोरीला बांधलेला पक्षी आहे. त्या पोराची नजर स्वस्तात उरकलेली वाटते का?

पाटीपेन्सिल
चित्र उघडून बसलोय. नजरेबद्दल शब्द मागे घेतो. पण मागची झाडं त्या मुलापुढे इतकी ठेंगणी का, तेही मुद्दाम केलंय म्हणाल तर नीट समजावून सांगा.