लातूरला वाफेचं इंजिन पुन्हा पळवावं का?

लातुरी_मिरची: बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली. अडीच फुटी रूळ. ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबानं हिशोबच असा घातलेला की एका आसावर पाच टनांच्या वर भार पडायचा नाही, म्हणजे रूळही हलके चालायचे. ब्रॉडगेज झालं आणि सगळं गेलं. आता पोरांना सांगितलं तर थाप वाटते. माझं म्हणणं, एखादं नॅरोगेज इंजिन आणून दुरुस्त करावं आणि दोन-तीन किलोमीटरच्या रुळावर दर रविवारी पळवावं. फेअरी क्वीन हे वाफेचं इंजिन १८५५ चं, १९०९ ला थांबलेलं, तरी १९९७ ला परत धावलंच की! चौथऱ्यावर रंग फासून ठेवलेलं इंजिन म्हणजे पेंढा भरलेला वाघ.

मांजराकाठ: लातुरात राहून हे बोलायलात? २०१६ ला मिरजेहून पाण्याची गाडी आली ती विसरलात? पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. अन् ती आली तुमच्या त्याच बार्शी लाइटच्या वाटेनं! तेव्हा आम्ही रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत. आता पाण्याची वाफ करून हवेत सोडायची हौस सुचायली.

लातुरी_मिरची: छोट्या इंजिनाला दिवसाला काही हजार लिटर. लग्नाच्या एका मांडवात याहून जास्त सांडतं.

पूर्णाकर: पाणी किती ते सोडा, कसलं ते बोला. माझे वडील पूर्णा शेडला बॉयलर फिटर होते, मीटरगेजच्या काळात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तोच बॉयलरच्या नळ्यांवर धरतो. मग आगीची धग पाण्यात उतरत नाही, लोखंडच तापतं आणि नळी गळायला लागते. म्हणून ठरल्या दिवशी वॉशआउट. आग काढायची, बॉयलर सावकाश निवू द्यायचा, प्लग उघडून पाण्याच्या झोतानं आतला गाळ काढायचा. घाई करून गरम बॉयलरवर गार पाणी मारलं की पत्रा तडकलाच म्हणून समजा.

नंतर वडील फायरबॉक्समध्ये, म्हणजे आग पेटते त्या पेटीत शिरून हातोडीनं एकेक स्टे, म्हणजे पत्रे धरून ठेवणारा बोल्ट, वाजवायचे. धड असला तर खणखणीत, तुटका असला तर बद्द. (बाहेर आले की ओळखू यायचे नाहीत, आई अंगणातच बादली ठेवायची.) फायरबॉक्सच्या माथ्याला लेड प्लग असतो. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ थेट आगीवर येते. तो वितळला की ड्रायव्हर-फायरमनची चौकशी ठरलेली.

इंजिन आणाल हो, पण तो हातोडीचा आवाज ओळखणारा कान कुठून आणाल? त्यापरीस चौथरा बरा. तिथं निदान कुणी भाजून मरत नाही.

लातुरी_मिरची: काका, विद्या मेलेली नाही. त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी वाफेची नवी इंजिनं बांधली, तीही या शतकात. आयटीआयची चार पोरं तिकडं वर्षभर ठेवू.

पूर्णाकर: ठेवा. पण आधी पत्र्याची जाडी मोजा. मग बॉयलर काठोकाठ भरून दाबाची टेस्ट. ती पास झाल्याशिवाय काडीसुद्धा ओढायची नाही.

मांजराकाठ: काठोकाठ म्हणजे किती लिटर, ते सांगा आधी.