मदत हवी आहे: एच1एन1चा (स्वाइन फ्लूचा) रुग्ण आठव्या दिवशीही पॉझिटिव्ह, आयसोलेशनची खोली कधी सोडवायची?

कातळसडा: आमचं तालुक्याचं छोटं रुग्णालय, रत्नागिरी जिल्हा. आयसोलेशनची एकच खोली. रुग्णाचा आज आठवा दिवस, ऑसेल्टामिविरचा (फ्लूवरच्या औषधाचा) कोर्स झाला, ताप नाही. तरी परवाचा स्वॅब पॉझिटिव्ह. गणपतीला मुंबईहून आलेल्यांत तापाचे रुग्ण वाढलेत, खोली हवीच आहे. जनरल वॉर्डात हलवू का? लवकर सांगा.

खाडीकाठ: आठवा दिवस कशाचा? दाखल झाल्याचा की लक्षणं सुरू झाल्याचा? मोजायचं लक्षणांपासून. वय? ऑक्सिजन? जुने आजार?

सुरंगी: 24 तासांच्या अंतराने दोन पीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत अजिबात हलवू नका.

खाडीकाठ: सुरंगी, फ्लूला हा नियम लावू नका. पीसीआरला विषाणूचा आरएनए, म्हणजे जनुकीय अंश, सापडतो. विषाणू जिवंत आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. मेलेल्या विषाणूचे तुकडे बरेच दिवस येत राहतात. निगेटिव्हची वाट बघत बसलात तर खोली उगाच अडकेल.

सुरंगी: मग पीसीआरची सीटी व्हॅल्यू बघा (जितकी जास्त, तितका विषाणू कमी). 35च्या वर असेल तर हलवा.

खाडीकाठ: किट बदललं की सीटी बदलते, स्वॅब नीट घेतला नाही तरी बदलते. एकट्या आकड्यावर निर्णय नको.

कातळसडा: दाखल झाल्याचा आठवा. खोकला त्याआधी तीन दिवस होता. वय 62, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर. म्हणजे आयसोलेशनचे सात दिवस केव्हाच झाले ना?

देवगडकर: स्टेरॉइड चालू आसत काय? आधी ता सांगा.

कातळसडा: हो, प्रेडनिसोलोन 40 मिग्रॅ रोज.

देवगडकर: मग सगळा हिशोब बदललो.

खाडीकाठ: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. निरोगी प्रौढ माणूस साधारण 5 ते 7 दिवस विषाणू सोडतो. दाखल करावे लागलेले, वयस्क, जुनाट आजाराचे आणि स्टेरॉइडवरचे रुग्ण त्याहून जास्त. प्रतिकारशक्ती फारच दबलेली असेल तर आठवडेच्या आठवडे. रुग्णालयातला नियम असा: लक्षणं सुरू झाल्यापासून 7 दिवस, किंवा ताप आणि श्वसनाची लक्षणं गेल्यावर 24 तास, यातलं जे उशिरा येईल ते. त्यातही ताप औषधाशिवाय उतरलेला हवा. तुमच्या रुग्णाचा ताप स्टेरॉइडमुळे झाकलेला असू शकतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. सीओपीडीचा खोकला पूर्ण जाणारच नाही. नातेवाइकांना विचारा, एरवी किती खोकतात, किती बेडका पडतो? तेवढ्यावर आला की लक्षणं गेली असं धरा. तोवर खोलीतच.

सुरंगी: व्हेंटिलेटरवर असता तर घशाचा स्वॅब निगेटिव्ह आणि श्वासनलिकेतला नमुना पॉझिटिव्ह, असंही होतं.

कातळसडा: व्हेंटिलेटर नाही. पण नवीन रुग्ण ठेवू कुठे?

देवगडकर: नवीन रुग्णाचा एच1एन1 पक्का झालो तर दोघांका एकाच खोलीत ठेवा, खाटांमध्ये किमान 1 मीटर अंतर. नुसत्या संशयितांका आत घालू नका, त्यांका दुसरोच काय आजार असलो तर हकडे फ्लू लागतलो. नेब्युलायझर शक्यतो बंद, इनहेलर स्पेसरने द्या. सक्शन करताना एन95 मास्क.

सुरंगी: आणि ऑक्सिजन सुटला की घरी सोडा. डिस्चार्जला निगेटिव्ह रिपोर्ट लागत नाही. घरी वेगळी खोली आणि मास्क सांगायचा. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल आहे का, ते मात्र आधी विचारा.

माडबन: स्टाफने फ्लूची लस घेतलीय का? संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

कातळसडा: लसीचं नंतर बघू. आज एक पक्का एच1एन1 आहे, त्याला याच खोलीत घेते. फरशीला काय वापरू? हायपोक्लोराइट संपलंय.

माडबन: ब्लीचिंग पावडर. 33 टक्क्यांची असेल तर 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम, म्हणजे 1 टक्का द्रावण. फरशीवर 10 मिनिटं राहू द्या. रोज ताजं करा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर जोर सोडते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खाटेच्या लोखंडाला हे नको, गंजतं. तिथे 70 टक्के अल्कोहोल.

देवगडकर: मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघितलास मा? नव्या रुग्णाचा क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करता त्याचो आकडो) 60च्या खाली असलो तर ऑसेल्टामिविर 75 मिग्रॅ देव नको, डोस कमी करूचो लागता.