इंदूर: पहिलंच सरकारी टेंडर, अनामत माफ होते का?

सांवेर रोडवर माझं शिवणकामाचं युनिट आहे, सहा मशिनं. केंद्राच्या एका खात्याचं युनिफॉर्मचं टेंडर जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, दिसलं. अनामतीचा आकडा बघूनच घाम फुटला. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, ती चालेल का?

रामबागकर: ताई, स्वतः शिवता ना? मग चालेल. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात सूक्ष्म-लघु उद्योगांना अनामत माफ आहे. माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि तुमचा 15 टक्क्यांच्या आत वर, तर त्याच्या दरावर येऊन ऑर्डरचा वाटा मिळू शकतो. पण त्या दरात कापड तरी परवडतं का, ते आधी बघा!

जुना ठेकेदार: राज्याची कामं एमपी टेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर, तिथल्या अटी टेंडरगणिक वाचा. आणि शेवटच्या संध्याकाळी बसू नका. माझ्या डिजिटल सहीचं टोकन लॅपटॉप ओळखेचना. टेंडर गेलं, पोहेही गार झाले.

बडोद्याहून: आमच्याकडे राज्याच्या टेंडरांना एनप्रोक्योर पोर्टल. शुद्धिपत्रकं रोज बघा, तारखा बदलतात.

मूळ प्रश्नकर्ती: अरे देवा, माझ्या उद्यमवर 'उत्पादन'ऐवजी 'सेवा' निघालं! सीएंनी घाईत भरलं होतं. आजच दुरुस्तीला बसते.