स्वरलेखनासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर की विकतचे?

प्रश्न
वसईतील आमच्या चर्चच्या गायनवृंदासाठी मी मराठी भक्तिगीते सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांत बसवून स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहितो. आजवर हाताने होणारे हे काम आता संगणकावर न्यायचे आहे. वृंदातील तरुण मंडळी म्युझस्कोर हे विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सुचवतात. आमच्या ज्येष्ठ ऑर्गनवादकांचे मत मात्र असे, की फुकट मिळणारे सॉफ्टवेअर शिकाऊंसाठी असते आणि गंभीर कामासाठी डोरिको किंवा सिबेलियस विकतच घ्यावे. हे मत कितपत ग्राह्य धरावे?

प्रतिसाद १
किमतीआधी एका गोष्टीचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते: आज लिहिलेले गीत वीस वर्षांनी कोणाला उघडता येईल काय? फिनाले हे विकतचे सॉफ्टवेअर १९८८ साली आले, जगभरच्या संगीतकारांनी त्यावर आयुष्यभराचे काम केले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा विकास थांबवल्याचे कंपनीने जाहीर केले. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते सुरू करता येणार नाही, असेही आधी सांगण्यात आले होते; वापरकर्त्यांच्या विरोधानंतर ती अट मागे घेतली गेली. पैसे मोजूनही चावी दुसऱ्याच्याच हाती असते, ती अशी. म्युझस्कोरची संहिता, म्हणजे ज्यापासून प्रोग्राम बनतो तो मूळ मजकूर, जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली खुली असल्यामुळे मूळ मंडळींनी काम सोडले तरी इतरांना ते पुढे चालवता येते, आणि त्याची फाइल म्हणजे झिप केलेली एक्सएमएल (साध्या मजकुराच्या रूपातील माहिती) असल्याने तिच्यातील मजकूर साध्या साधनांनीही वाचता येतो.

प्रतिसाद २
वरील मुद्दा मान्य करूनही मी विकतच्या बाजूने लिहितो, कारण वाद्यवृंदाच्या प्रती तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. २०१२ साली सिबेलियसचे लंडनमधील कार्यालय बंद झाल्यावर तेथील जाणकारांनी स्टाइनबर्ग कंपनीत नव्याने रचलेले डोरिको २०१६ मध्ये बाजारात आले. एकाच फाइलमध्ये अनेक रचना ठेवून प्रत्येक वादकाची स्वतंत्र प्रत काढण्याचे काम त्यात ज्या सहजतेने होते, त्याने माझ्या रात्री वाचतात, आणि अशा श्रमाचा मोबदला देण्यात मला काही गैर वाटत नाही. शिवाय मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे: आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची संहिता खुली आहे, तरीही तयार प्रोग्रामसाठी पैसे मागितले जातात. उलट म्युझस्कोर ४ सोबत विनामूल्य मिळणारे म्युझ साउंड्स हे ध्वनिसंच मुक्तस्रोत नाहीत. चार आवाजांच्या भक्तिगीतांना मात्र डोरिकोची गरज भासेल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद ३
काहीही निवडले तरी प्रत्येक गीताची म्युझिकएक्सएमएल (एका स्वरलेखन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येणारी फाइल) आणि पीडीएफ प्रत जपून ठेवावी. म्युझिकएक्सएमएलमध्ये स्वर, मात्रा आणि शब्द बहुधा नीट जातात. पानाची मांडणी मात्र पुन्हा लावावी लागते.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. आमच्या वीस गायकांपैकी प्रत्येकाला घरी फाइल उघडून आपला आवाज ऐकता यावा, ही माझी मोठी गरज आहे, आणि वीस परवाने घेणे आम्हाला शक्य नाही. म्हणून नाताळचे एक गीत आधी म्युझस्कोरमध्ये लिहून पाहतो. देवनागरी जोडाक्षरे योग्य स्वराखाली नीट बसतात की नाही, हे तपासून छापील पान ऑर्गनवादकांना दाखवीन आणि त्यांचे मत येथे कळवीन.