रानडुकरं मारायची परवानगी कुणी काढलीय का? मदत हवी आहे

मंडळी, आमचं रान शिराळ्यात, चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला. दीड एकर भुईमुगात रात्री दोन-अडीचला रानडुकरं उतरतात, सकाळी रान नांगरल्यागत. बुजगावणं, जुन्या साड्या, फटाके सगळं झालं. चार दिवसांत सरावतात. कुणी म्हणतं तारेत करंट सोड. ते नको, माणूस जायचा, वर गुन्हा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायला लेखी परवानगी मिळू शकते, एवढं ठाऊक आहे. प्रत्यक्ष कुणी काढलीय? सातबारा, पंचनामा सोडून काय जोडलं? आमच्याकडं बंदूक नाही. बाहेरचा परवानाधारक चालला का? मचाण बांधलं तर बॅटरी कुठली घ्यावी? आणि पलीकडच्या उसात रात्रीचं पाणी पाजणारा असतो, चुकून त्याला गोळी लागायची मला धास्ती जास्त. झटका मशीन (कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा हलका झटका देणारं यंत्र) लावलेल्यांनीही अनुभव सांगा.