मदत हवी आहे: ड्युअलडिस्कवर स्वतंत्र लेख लिहावा का?

मंडळी, एका बाबतीत अडकलोय. ज्ञानकोशासाठी 'ड्युअलडिस्क'वर लेख लिहायला घेतलाय. एका बाजूला सीडीसारखा थर, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी, अशी ही तबकडी 2004 च्या सुमारास अमेरिकेत आली आणि काही वर्षांतच बाजूला पडली.

गंमत तिच्या जाडीत आहे. साधी सीडी 1.2 मिमी, ही जवळपास 1.5. त्यात सीडीच्या बाजूचा प्लास्टिकचा थर प्रमाणापेक्षा पातळ, त्यामुळे ती 'रेड बुक'च्या, म्हणजे ध्वनी-सीडीच्या अधिकृत मानकाच्या, नियमात बसत नव्हती आणि तिच्यावर सीडीचा अधिकृत लोगो छापता येत नव्हता. काही प्लेअरमध्ये ती वाजायचीच नाही. माझ्या मते एवढ्यावर लेख उभा राहतो.

पण खरी अडचण 'डीव्हीडी प्लस'ची. तीही दोन बाजूंचीच, युरोपातली. तिच्याबद्दल मला मिळतंय ते बहुतेक जाहिरातवजा. उत्पादकाने स्वतःच लिहिलेलं स्वतंत्र संदर्भ म्हणून धरायचं कसं? ड्युअलडिस्कच्या लेखातच तिचा एक विभाग करून पुनर्निर्देशन (तिचं नाव शोधणाऱ्याला तिथे नेणारा दुवा) द्यावं, की वेगळं छोटंसं पान? दोन ओळींची अनाथ पानं मला तरी पटत नाहीत. जुन्या ध्वनी-मासिकांत कुणी सविस्तर परीक्षण वाचलं असेल तर अंक नक्की सांगा.